रोड बाईक की ट्राय बाईक? सर, आधी तुमचा रस्ता मोजा

सर, तुमचा प्रश्न असा आहे: "भाऊ, दोन वर्षं पगारातून बाजूला टाकत टाकत पावणेदोन लाख जमवले. पुढच्या वर्षी गोव्याची ट्रायथलॉन (समुद्रात पोहणं, मग 90 किलोमीटर सायकल, मग 21 किलोमीटर पळणं) करायची आहे. आता रोड बाईक घेऊ, का एकदाच काय ते खास ट्रायथलॉनसाठी बनवलेली ट्राय बाईक घेऊन मोकळा होऊ?" सोबत तुम्ही कळवलंय की वय 34, उंची पाच फूट सहा इंच, वजन 65 किलो. अर्धमॅरेथॉन दोन तासांच्या आत पळता, पोहणं विहिरीत शिकलात, आणि सायकल म्हणजे शाळेत जायची-यायची गिअरवाली एमटीबी. गाव कारंज्याजवळ, शाळा तिथून अकरा किलोमीटर.

रोड बाईक घ्या.

वर्षाला चार-पाच जण हाच प्रश्न घेऊन येतात आणि त्यातले दोघे तरी हे उत्तर ऐकून हिरमुसून जातात. म्हणून कारणं नीट सांगतो. पटली नाहीत तर पैसे तुमचे आहेत, सायकलही तुमची.

मी मूर्तिजापूरला सायकल दुरुस्तीचं दुकान चालवतो. वडिलांच्या काळात काळ्या सायकली यायच्या. चाकाचा आउट काढायचा, छर्रे बदलायचे, पंक्चर काढायचं, झालं काम. 2013 पासून मी लांबच्या राइड करायला लागलो. 200, 300, 400, 600 किलोमीटरच्या ब्रेव्हे, म्हणजे ठरलेल्या वेळेत पूर्ण करायच्या लांब राइड, केल्या, मग ट्रायथलॉनचं खूळ लागलं. दोन्ही प्रकारच्या सायकली मी स्वतः ठेवल्या, चालवल्या, खोलल्या. ट्राय बाईकवरून पडून एकदा हाडही मोडून घेतलंय. ते पुढे येईलच.

आधी फरक समजून घ्या, कारण विकणारा तो नीट सांगत नाही. तो सांगतो, "ही फास्ट आहे." सायकल स्टँडवर उभी असताना दोन्ही सारख्याच वाटतात. माणूस बसला की फरक कळतो. रोड बाईकच्या सीटखालचा पाइप साधारण 72 ते 74 अंशांत कललेला असतो, ट्राय बाईकचा 76 ते 80 अंशांत, म्हणजे बराच उभा. त्यामुळे स्वार पुढे सरकून जवळजवळ क्रॅंकच्या, म्हणजे पेडल जोडलेल्या दांड्याच्या, डोक्यावर येतो. कोपरं हँडलवरच्या गादीवर टेकवून पाठ सपाट केली तरी मांडी पोटावर आदळत नाही. खुर्चीत मागे रेलून बुटाची नाडी बांधून बघा, मग खुर्चीच्या कडेवर सरकून बांधून बघा. जो फरक पोटाला जाणवेल तोच हा. सायकलवरून उतरून लगेच 21 किलोमीटर पळायचं असतं, तेव्हा या बसण्याने मांड्या थोड्या कमी आखडतात. माझाही अनुभव तसाच आहे.

दुसरा फरक हँडलचा. ट्राय बाईकला पुढे दोन लांब दांडे निघालेले असतात, त्यांच्या टोकाला गिअरची बटणं. ब्रेक मात्र खालच्या, बाजूच्या दांड्यावर. म्हणजे गिअर बदलायला हात पुढे आणि ब्रेक दाबायला हात बाहेर. एवढं एक लक्षात ठेवा सर, पुढचं अर्धं उत्तर याच्यावरच उभं आहे.

हा सगळा खटाटोप वाऱ्यासाठी. सपाट रस्त्यावर पंचवीस-तीसच्या पुढे गेलात की तुमची बहुतेक ताकद हवा फाडण्यात जाते. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो आणि त्याला लागणारी ताकद घनाने. तुम्ही शिक्षक आहात, करून बघा: 25 वरून 30 वर जायचं तर 1.2 चा घन, म्हणजे हवेसाठी जवळजवळ पावणेदोनपट ताकद. आणि या विरोधातला साधारण तीन-चतुर्थांश वाटा सायकलीचा नसतो, तुमच्या अंगाचा असतो. छाती उघडी ठेवून बसलेला माणूस म्हणजे शिडाची होडीच. म्हणून सगळ्यात स्वस्त सुधारणा कोणती, तर अंग खाली घेणं. महागडी फ्रेम आणि खोल रिमची चाकं त्याच्या कितीतरी नंतर येतात.

याचा एक जुना दाखला मी गिऱ्हाइकांना नेहमी देतो. 1989 ची टूर द फ्रान्स, शेवटचा दिवस, व्हर्साय ते पॅरिस 24.5 किलोमीटर. एकेकाने सुटायचं आणि प्रत्येकाची वेळ मोजायची. अमेरिकेचा ग्रेग लेमाँ फ्रान्सच्या लोरां फिन्याँच्या 50 सेकंद मागे होता. लेमाँने ट्रायथलॉनवाल्यांकडून उचललेला जोडदांडा हँडलला लावला होता, फिन्याँने नव्हता लावला. लेमाँने ते 50 सेकंद भरून काढले आणि वर 8 सेकंदांनी टूर जिंकली. सगळं श्रेय दांड्याचं नाही, पाय लेमाँचेच होते. पण तो दांडा आज आपण ज्याला क्लिप-ऑन एरोबार म्हणतो त्याचाच बाप. पाच-आठ हजारांत मिळतो आणि साध्या रोड बाईकच्या हँडलवर बसतो.

माझे आकडे सांगतो. माझ्या पायांचे आहेत, तुमचे वेगळे येतील. अमरावती-अकोला चौपदरी माझ्या दारात आहे. तोच तो महामार्ग, ज्याच्या 75 किलोमीटर डांबरीकरणाचा जून 2022 मध्ये गिनीज विक्रम झाला, साडेचार दिवसांच्या आत. रस्ता खरंच गुळगुळीत आहे. हिवाळ्यात, वारा पडलेला असताना, तिथे मी 90 किलोमीटर तिन्ही प्रकारांनी केलेत. नुसत्या रोड बाईकवर 3 तास 22 मिनिटं. त्याच रोड बाईकवर एरोबार लावून 3 तास 12 मिनिटं. ट्राय बाईकवर 3 तास 7 मिनिटं. म्हणजे पहिली दहा मिनिटं मला सात हजारांत पडली. पुढची पाच मिनिटं घ्यायला नवी ट्राय बाईक म्हणजे अडीच लाख आणि पुढे. तुमच्या पावणेदोन लाखांत ती नवी येतच नाही, जुनी घ्यावी लागेल. जुनीची गोष्ट वेगळी सांगतो.

आणि ही पाच मिनिटं अशा रस्त्यावरची आहेत, जिथे मी तासातली पन्नास मिनिटं कोपरं टेकवून बसू शकलो. तुमचा रस्ता असा आहे का?

समृद्धी महामार्ग तुमच्या शिवारातून दिसतो, पण त्यावर सायकल नेता येत नाही. मग राहतो कारंजा-मूर्तिजापूर रस्ता आणि गावातून निघणारे लहान रस्ते. 2017 च्या ऑक्टोबरात मी याच भागात, पहाटे सव्वापाचला, ट्राय बाईकवर होतो. कोपरं टेकवलेली, मान खाली, 33 चा वेग. कारंजा-सोहोळचं काळवीट अभयारण्य जवळ आहे. हरणं त्या पट्ट्यात दिसतातच, पण त्या दिवशी तुरीतून रोही, म्हणजे नीलगाय, निघाला. बैलाएवढं जनावर. मला तो दिसला. दिसला नसता तर एक वेळ दैवाला दोष दिला असता. दिसला, पण हात दांड्याच्या टोकावर होते. ते उचलून ब्रेकवर नेईपर्यंत रोही रस्त्याच्या मधोमध आणि मी त्याच्या फऱ्याला. हंसळीचं हाड मोडलं. रोही उठला, अंग झटकलं आणि निघून गेला. एक म्हातारबा बंडी घेऊन मागून येत होते. त्यांनी मला बसवलं, पाणी पाजलं आणि सायकलीकडे बघून म्हणाले, "बाप्पा, याले बिरेक नाय का?" मी म्हटलं, "आहे बाबा, पण लांब आहे." दुखत असतानाही हसू आलं.

हाड जुळायला सहा आठवडे लागले. त्या रिकाम्या दिवसांत मी विचार केला आणि बरं झाल्यावर एक उद्योग केला. रोड बाईकला एरोबार लावला, घड्याळ लावलं आणि कारंजा-मूर्तिजापूर रस्त्यावर किती वेळ मी कोपरं टेकवून बसू शकतो ते मोजलं. सत्तर मिनिटांच्या राइडमध्ये सगळे तुकडे मिळून 19 मिनिटं. सलग सगळ्यात लांब तुकडा चार मिनिटांचा. बाकी वेळ खड्डा, गतिरोधक, कुत्रं, बकऱ्या, उलट्या बाजूने येणारा ट्रॅक्टर, फाट्यावर उभी काळीपिवळी. सत्तरातल्या 19 मिनिटांसाठी मी एक अख्खी सायकल पोसत होतो.

तुम्ही हेच करा. एमटीबीवर करता येतं, एरोबार लागत नाही. पुढचे चार रविवार, ज्या रस्त्यावर सराव करणार त्याच रस्त्यावर, त्याच वेळेला निघा. खिशात वही ठेवा. ब्रेक लावला, आडवं व्हावं लागलं, किंवा "आता हात ब्रेकवर हवा" असं वाटलं, की थांबून वेळ टिपा. घरी येऊन पाच मिनिटांहून लांब, अडथळ्याशिवायचे किती तुकडे मिळाले ते मोजा. तासात अशा तुकड्यांची बेरीज चाळीस मिनिटांच्या वर गेली तर माझ्याशी वाद घालायला या, मी ऐकेन. वीसच्या खाली असेल तर ट्राय बाईकचा विषय तुमच्या वहीनेच मिटवलेला असेल.

यात एक गोम आहे. गोव्याची स्पर्धा 2019 मध्ये पहिल्यांदा झाली आणि ती ऑक्टोबर-नोव्हेंबरात असते. म्हणजे तुमचा खरा सराव ऑगस्ट ते ऑक्टोबर. आपल्याकडे त्या दिवसांत रस्त्यांची काय दशा असते ते तुम्हाला मी काय सांगू. ऑगस्टात काळ्या मातीचा चिखल ट्रॅक्टरच्या चाकांनी डांबरावर आलेला, सप्टेंबरात खड्डे, ऑक्टोबरात सोयाबीन रस्त्यावर वाळत घातलेलं आणि मळणीयंत्रं कडेला. थोडं पुढे गेलं की कापूस वेचायला निघालेल्या बाया अंधारातच रस्त्याने चालत असतात. जानेवारीतला रस्ता बघून सायकल घेऊ नका. ज्या महिन्यांत तिच्यावर घाम गाळायचा ते महिने डोळ्यांपुढे आणा.

आता दुरुस्तीचं. हे मी दुकानदार म्हणून सांगतोय, म्हणून जास्त विश्वास ठेवा, कारण यात माझाच धंदा बुडतो. तुमची रोड बाईक बिघडली तर केबल, ब्रेक पॅड, चेन, कॅसेट (मागच्या चाकावरच्या दातेरी चकत्या), ट्यूब हे सगळं मी ठेवतो. नसेल तर अकोला-अमरावतीत मिळतं, नाहीतर नागपुरातून दोन दिवसांत येतं. ट्राय बाईकच्या केबली हँडलच्या आतून, फ्रेमच्या आतून फिरवलेल्या असतात. सीटचा पाइप, म्हणजे सीटपोस्ट, गोल नसतो, त्या एका मॉडेलपुरता बनवलेला असतो. हँडल आणि ते फ्रेमला जोडणारा तुकडा, म्हणजे स्टेम, बऱ्याचदा एकजीव. सीटपोस्टचा पाचर-बोल्ट झिजला तर तो एक बोल्ट तुम्हाला पंचक्रोशीत मिळणार नाही. शर्यतीच्या तीन आठवडे आधी असं झालं तर काय कराल?

हे मी ऐकीव सांगत नाही. 2016 मध्ये मी एका मोठ्या शहरातून जुनी ट्राय बाईक आणली. विकणाऱ्याने सांगितलं, "मीडियम आहे, तुम्हाला बसेल." नाव सांगत नाही, भांडण जुनं झालं. सायकल माझ्यासाठी दीड साइझ मोठी निघाली. दांडे धरायला इतकं ताणावं लागायचं की तासाभरात मानेत कळ यायची. मी सीट पुढे सरकवली, स्टेम आखूड केला, तरी जमेना. मग आतली गिअर केबल तुटली. ती ओवायला मला, सायकलीतच जन्म घालवलेल्या माणसाला, दोन रात्री लागल्या. हँडलचा एक छोटा प्लास्टिकचा तुकडा यायला पाच आठवडे. शेवटी रोह्याने निकाल लावला आणि मी ती घेतली त्याच्या निम्म्या किमतीत विकून टाकली. दुसरी, बरोबर मापाची ट्राय बाईक मी पुढे घेतली. वरचे 3 तास 7 मिनिटं तिचे आहेत. म्हणजे ट्राय बाईकशी माझं वैर नाही. चांगल्या रस्त्यावर कोपरं टेकवून, वारा पाठीवरून सरकताना ऐकत, तासभर एका लयीत पेडल मारायला मला अजूनही फार आवडतं.

जुनी घ्यायचीच झाली, रोड असो की ट्राय, तर मूळ बिल मागा, फ्रेमचा नंबर बिलाशी ताडून बघा. कार्बन असेल तर हँडलखालच्या पाइपपाशी (हेडट्यूब), क्रॅंकजवळ आणि सीट पाइपच्या तोंडाशी नाण्याने हलकेच ठोका. खणखणीत आवाज मध्येच मंद, भुसभुशीत झाला तर हात जोडून निघा. सीटपोस्ट वर-खाली होते का ते समोर करून दाखवायला सांगा. घामाने आणि मिठाने ती आत चिकटून बसते आणि मग कोणाच्या बापाला निघत नाही.

आणखी एक. तुमच्याकडे एकच सायकल राहणार. तिच्यावर शाळेत जाल, कधी मित्रांबरोबर चिखलदऱ्याला जाल. ट्राय बाईक घेऊन परतवाड्यावरून चिखलदऱ्याचा घाट चढून बघा एकदा. चढताना वजन पुढे, उतरताना हँडल हलकं आणि ब्रेक बाजूला. वरून येताना माझे हात थरथरत होते. ग्रुपमध्ये तर एरोबारवर बसायचंच नाही, पुढच्याने ब्रेक मारला तर तुमचे हात ब्रेकपासून वीतभर लांब असतात. ऑलिंपिकमध्ये ट्रायथलॉन 2000 पासून आहे, तिथे एकमेकांच्या मागे लागून सायकल चालवायची मुभा असते आणि ते सगळे रोड बाईकच वापरतात. गोव्याच्या स्पर्धेत पुढच्या सायकलीपासून 12 मीटर अंतर ठेवावं लागतं, प्रत्येकाला आपला वारा आपणच कापायचा, म्हणून तिथे ट्राय बाईक दिसतात. त्यांना बघून दबू नका. या अंतराला सहसा साडेआठ तासांची मुदत असते. तुमचं पोहणं 50 मिनिटं, सायकल 3 तास 20, पळणं 2 तास 25, कपडे बदलण्यात पाव तास धरला तरी 6 तास 50 मिनिटांत तुम्ही आत आहात. सायकलीपेक्षा समुद्रात पोहण्याची तयारी करा. विहिरीत लाट नसते.

बरं, रोड बाईक कोणती. ब्रँडवरून माझ्याशी भांडू नका, दहातल्या आठ फ्रेमी सारख्याच दर्जाच्या असतात. मापावरून भांडा. पाठ भिंतीला लावून अनवाणी उभे राहा, पायांमध्ये जाड पुस्तक सीटसारखं वर दाबून धरा आणि पुस्तकाच्या कडेपासून जमिनीपर्यंत मोजा. त्याला 0.883 ने गुणा. 79 सेंटीमीटर आलं तर जवळजवळ 69.8. क्रॅंकच्या मध्यापासून सीटच्या वरच्या पृष्ठापर्यंत एवढी उंची, इथून सुरुवात करायची, मग गुडघा सांगेल तसं अर्धा-एक सेंटीमीटर इकडे-तिकडे. दोन साइझमध्ये अडकलात तर लहान घ्या. एरोबार लावल्यावर अंग पुढे ताणलं जातं. मोठ्या फ्रेमवर ते ताणणं सहन होत नाही, आणि लहान फ्रेमला स्टेम बदलून लांबी देता येते. मोठीची लांबी कमी करताना मात्र पंचाईत होते, ती मी भोगलीय.

फ्रेम ॲल्युमिनियमची, पुढच्या चाकाचा चिमटा कार्बनचा, गिअर शिमानोचे टियाग्रा किंवा जमलं तर 105. सोराही चालेल, नऊ गिअरमध्ये कोणाचं अडलेलं मी पाहिलं नाही. पुढच्या चकत्या 50-34, मागची कॅसेट 32 किंवा 34 दातांपर्यंत. टायर 28 मिलिमीटर रुंदीचा बसायलाच हवा, 32 ला जागा असेल तर देवच पावला. 65 किलोच्या माणसाला 28 मध्ये हवेचा दाब 70-75 पीएसआय पुरतो, शंभरपर्यंत भरून हाडं खिळखिळी करून घेऊ नका. आपला खरा शत्रू बाभळीचा काटा आणि सराटे. दोन ट्यूब, पॅच, सोल्युशन, छोटा पंप यांशिवाय गावाची वेस ओलांडू नका. बिनट्यूबच्या टायरमध्ये पंक्चर बुजवायला घालतात ते ट्यूबलेस सीलंट आपल्या मे महिन्यात फार लवकर वाळतं, त्यामुळे ते करायचं तर दर दोन महिन्यांनी उघडून बघायची तयारी ठेवा.

डिस्क ब्रेक घ्या. चिखलात रिम ब्रेकने रिम घासून जाते. हायड्रॉलिक असेल तर वर्षातून एकदा तेल बदलून घ्यायचं, ते मी करतो.

आणि हे नीट वाचा, कारण इथे लोक फसतात: घेण्याआधी हँडल बघा. एरोबारचा क्लँप गोल पाइपवर बसतो, साधारण 31.8 मिलिमीटरच्या. आजकाल नव्या रोड बाईकला वरून चपटं, पंखासारखं हँडल देतात. दिसतं झकास, पण त्यावर क्लिप-ऑन बसत नाही. कार्बनचं हँडल असेल तर कंपनी क्लँप लावायला परवानगी देते का ते आधी विचारा. साधं, गोल, ॲल्युमिनियमचं हँडल सगळ्यात बरं. मी एका पोराच्या सव्वा लाखाच्या सायकलवर सात हजारांचा एरोबार लावायला बसलो आणि लागलाच नाही. त्याला आणखी एक हँडल घ्यावं लागलं.

पैशांचा हिशेब मी असा बसवला असता. सायकल एक लाख दहा हजारांच्या आत. बूट आणि पेडल बारा हजार. हेल्मेट चार. एरोबार सात-आठ. पुढचा-मागचा लाइट, पंप, हत्यारं, ट्यूब मिळून सहा. सायकल घरात जागेवरच चालवायचा साधा चुंबकी ट्रेनर बारा ते पंधरा हजार. स्मार्ट ट्रेनरच्या नादी लागू नका, पावसाळ्यात तुमच्याकडे लाइट किती वेळ असते ते मला माहीत आहे. चुंबकी ट्रेनरला वीज लागत नाही, कंदिलाच्या उजेडातही चालतो. ऑगस्टात रस्ता बंद असेल तेव्हा तो तुम्हाला वाचवेल, आणि एरोबारवर मानेची सवय करायला त्याच्यासारखी सुरक्षित जागा नाही, तिथे रोही येत नाही. उरतात वीस हजार. ते स्पर्धेची फी आणि गोव्याच्या खर्चात टाका, वर थोडी भर घालावी लागेल.

प्रवासाचंही बघून ठेवा. रोड बाईकची दोन्ही चाकं काढली, हँडल वळवलं, पेडल काढले की ती खोक्यात मावते. डावा पेडल उलट्या आट्यांचा असतो, तो नेहमीसारखा पिळून आटे खराब करू नका. ट्राय बाईकचं एकजीव हँडल खोलायचं आणि मिरामारच्या हॉटेलात आदल्या रात्री जोडत बसायचं, हे मी केलंय. रात्री एक वाजेपर्यंत एक वॉशर शोधत होतो.

घेतल्यावर पहिले तीन महिने एरोबार लावायचाच नाही. साध्या हँडलवर तीन तास आरामात बसता आलं पाहिजे. मग लावा, आधी ट्रेनरवर वीस-वीस मिनिटं, मग रविवारी पहाटे चौपदरीवर. एरोबार लावल्यावर सीट सेंटीमीटर-दीड सेंटीमीटर पुढे आणि किंचित वर घ्यावी लागते. त्याहून पुढे ओढून रोड बाईकची ट्राय बाईक करायला जाऊ नका, पुढच्या चाकावर भार येऊन ती वळणावर बिचकते. क्लँप टॉर्क पान्यानेच आवळा, साधारण 5 न्यूटन-मीटर, दांड्यावर असेल तो आकडा खरा. आणि मे-जूनमध्ये वावधान सुटलेलं असताना एरोबारवर हात ठेवायचाच नाही. आडवा वारा आणि बाजूने गेलेला ट्रक मिळून माणसाला कडेच्या नालीत टाकतात.

ट्राय बाईक कधी घ्यावी ते सांगतो म्हणजे मला एकतर्फी म्हणायला नको. दोन स्पर्धा पूर्ण झाल्या आहेत, तिसरीत वेळ कमी करायची ईर्षा आहे, एरोबारवर सलग दोन तास मान न दुखता बसता येतं, बदली होऊन तुम्ही चौपदरीजवळ राहायला आलात, आणि शाळेत जायला दुसरी सायकल आहे. एवढं झालं की मी स्वतः तुमच्याबरोबर नागपूरला येईन, टेप घेऊन. तोवर कोणती फ्रेम तुम्हाला बसते याचे आकडे रोड बाईकनेच सांगितलेले असतील. कोपरं कुठे, सीट किती पुढे, किती वर, सगळं वहीत लिहिलेलं असेल. ते आकडे हातात असले की दुकानात कोणी "मीडियम आहे, बसेल" म्हणून गळ्यात मारू शकत नाही.

चौथा रविवार झाला की वही घेऊन दुकानात या. एमटीबीवरच या, बत्तीस किलोमीटरचा रस्ताही मोजून होईल. येताना घट्ट चड्डी घाला, सैल पँटवर माप नीट येत नाही. शुक्रवारी आमच्याकडे बाजार असतो, त्या दिवशी सोडून कधीही.